हरवलं तर झाडाला मिठी मारायची

पहिल्याच दिवशी तो आमच्या चिखलाच्या केकवर बूट ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, इथलं कोण बघतं? केक चिमणीने सकाळभर खपून केला होता. चार वर्षांची ती पोर, तिने भोकाड पसरलं. मी, या जंगलातल्या बालवर्गाची ताई, कपाळाला हात लावला.

तो वनरक्षक होता. आमचा वर्ग जंगलात चालू द्यायचा की बंद करायचा, हे त्याच्या शब्दावर ठरणार होतं. मग काय, स्वारी रोज हजर. मुलं झाडावर चढली की धाप याला लागायची. काठ्या टोकदार आहेत, ओढा निसरडा आहे, आभाळ भरून आलंय... आभाळ काय मी भरलं होतं? आणि जाताना एखादं पीस माझ्या पिशवीवर ठेवून असा काही हसायचा, की माझा अर्धा राग तिथेच विरघळायचा. त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या दिवशी भुरभुर सुरू झाली. मदतनीस मावशींनी आणि मी मुलांना ताडपत्रीखाली घेतलं, तर चिमणीचा पत्ता नाही. आमचा नियम होता – हरवलं तर जवळच्या झाडाला मिठी मारायची आणि ताई येऊन हात धरेपर्यंत हलायचं नाही. मुलांना मावशींवर सोपवून मी धावत सुटले.

ओढ्यापलीकडे ती दिसली, एका जाड बुंध्याला बिलगलेली. आणि त्याच बुंध्याला दुसऱ्या बाजूने बिलगलेला वनरक्षक, नखशिखांत भिजलेला. चिमणीला मी आधी पोटाशी धरलं, मग त्याच्यावर घसरले.

"हिला घेऊन येता येत नव्हतं तुम्हाला?"

"येईना ती. ताई आल्याशिवाय हलायचं नसतं म्हणाली. मलाही धरायला लावलं." तो ओशाळला. "हाका मारल्या, पण पावसात... आणि एकटीला टाकून कसा येणार?"

मी चिमणीचं ओलं डोकं पुसायला लागले. "म्हणजे आता आमचा वर्ग बंद करणार तुम्ही."

"का म्हणून? नियम पाळला म्हणून पोर सापडली, असं कळवेन. आणि वर्गाला हो तर मी पहिल्याच आठवड्यात कळवलंय."

"मग रोज उठून आम्हाला छळायला कशाला येत होता?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही... रागावता ना... ते ऐकायला. आवडता तुम्ही मला."

माणसाने किती वैताग द्यावा! माझी झोप उडाली होती, आणि याला माझं रागावणं ऐकायचं होतं. मी चिमणीचा हात धरून तरातरा निघाले. तो मात्र झाडाला धरूनच उभा.

"ताई, ते पण हरवलेत," चिमणी म्हणाली. "त्यांचा हात कुठे धरलास?"

"अहो, सोडा ना ते झाड आता."

"नियम आहे," तो हळूच म्हणाला.

मी चरफडत परत फिरले आणि त्याचा हात धरला. गारठलेला, सालीचे तुकडे चिकटलेला हात. ओढा ओलांडून झाल्यावर तो सोडायला हवा होता. ताडपत्रीपाशी मावशींनी भुवया उंचावल्या, तरीही मी तो सोडला नाही.