बाराची किणकिण

"तुमचा खिसा रडतोय."

नौपाड्यातल्या पिठाच्या गिरणीत माझ्यापुढे उभा असलेला माणूस दचकला. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. आतून पुन्हा तोच चिरका, धापा टाकल्यासारखा आवाज... आणि खिशातून एक बोडकं, गुलाबी डोकं वर आलं. पोपटाचं पिल्लू.

"कोलशेतला जमिनीच्या मोजणीवर होतो," तो म्हणाला. "कारखान्याच्या जागेसाठी ताड पाडला, ढोलीतून हे पडलं. डाळ्याचं पीठ खातं का हो?"

"त्यालाच विचारा."

तो हसला. हसताना खालचा ओठ दातात धरायचा. मेल्याने तिथेच घात केला.

मी हेमा. वय चोवीस, शाळेत मास्तरीण, रंग काळा. तीन मुलगे आमचे पोहे खाऊन नकार देऊन गेलेले, तेव्हापासून मी पुरुषांकडे बघणं सोडलेलं. पण पिल्लं मी वाढवलेली होती. म्हटलं, "पीठ कोमट पाण्यात कालवा, बोटावर घेऊन भरवा. भूक लागली की मान वरखाली हलवेल, पंख थरथरवेल. पण ज्या हाताने भरवाल, त्याच हाताकडे बघून. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

"तुमच्यासारखंच दिसतंय."

त्याचं नाव श्रीपाद. मग दर रविवारी सकाळी गिरणीत गाठ पडू लागली. आई म्हणाली, हल्ली आपल्याला दळण फार लागतं.

पाचव्या रविवारी श्रीपाद गप्प होता. मी डबा खाली ठेवला आणि विचारलं, पिल्लू गेलं का?

"पिसं फुटलीत. ते नाही..." तो इकडेतिकडे बघून बोलू लागला. त्याची बायको, मंदाकिनी, दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेली. तिची खोली तेव्हापासून बंद. "मी रविवारी घरी असतो ना, तर बाराच्या ठोक्याला ते पिल्लू तिच्या दाराकडे तोंड करतं. मान हलवतं, पंख थरथरवतं... जसं कुणी वाटी घेऊन उभं आहे. आणि आतून बांगड्या वाजतात."

"दार उघडून बघितलंत?"

"आतून कडी असते. परसाकडून एक दार आहे, पण तिकडे जायचा धीर झाला नाही. शेजारची ठमाबाई सगळीकडे सांगत फिरते, मंदाकिनी सवत येऊ देणार नाही. दोन स्थळं मोडली त्यावर. म्हणून... तुला जे विचारायचं होतं, ते विचारत नाही."

मी आधी ते 'तुला' ऐकलं. भूत नंतर.

"तुम्ही कामावर जाता, तेव्हा त्याला कोण भरवतं?"

"कोणी नाही. माझी विधवा गंगुआत्या आहे, पण ती सोवळ्यातली, शिवत नाही. दुपारी देवळात जाते."

"मग संध्याकाळी त्याच्या गळ्याजवळची पिशवी रिकामी असेल."

"टम्म असते," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुमचं भूत पीठ कालवतं."

तो हसला नाही.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. भर उन्हात गल्ली मेल्यासारखी पडलेली, कावळाही बोलत नव्हता. माजघरात टोपलीत पिल्लू पेंगत होतं. घड्याळात बाराचे ठोके पडले. पिल्लाने डोळे उघडले, वळलं, आणि बंद दाराकडे बघून मान हलवू लागलं. वर-खाली, वर-खाली. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होत होती.

आतून... किण. किण.

माझ्या हातावर काटा आला. श्रीपादला "इथेच थांबा" म्हटलं आणि परसातून गेले. दार लोटलेलं होतं.

आरशात एक बोडकं डोकं, विधवेचं लाल आलवण, आणि कोपरापर्यंत हिरव्यागार बांगड्या. हातात पिठाची वाटी.

गंगुआत्या.

"सात दिवस घातल्या होत्या," ती न वळता म्हणाली. "अकराव्या वर्षी. मग दगडाने फोडल्या. या मंदाकिनीच्या." बांगड्या तिने अलगद कुरवाळल्या. "हे मेलं बांगड्या वाजल्या की माझ्याकडे बघून नाचतं गं. लोकांनी मंदाकिनीचं नाव घेतलं, मी गप्प बसले. सांग त्याला. सांग, आणि सून हो."

अकरा वर्षांच्या पोरीच्या हातावर दगड घालणारे शहाणे, आणि ही भूत. मी आल्या पावली परतले.

"कोण आहे?" श्रीपादने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर घर माझं होतं. आणि ती म्हातारी उद्या नातेवाइकांच्या तोंडी.

"मंदाकिनी," मी म्हटलं. "असू दे. मला चालेल ती."

"हेमा, तू..."

तेवढ्यात पुढच्या दारातून आत्या आली. देवळातून आल्यासारखी, हात आलवणात लपवून. पिल्लू टोपलीतून उतरलं. माझ्या बोटाजवळून गेलं, श्रीपादच्या बोटाजवळून गेलं, डुलत डुलत फरशी ओलांडून आत्याच्या पायाशी पोचलं. पदराला चोच लावत वर चढलं. आलवण सरकलं. उघड्या मनगटावर बांगड्यांचे ताजे वळ, आणि त्यावर बसून पिल्लू मान हलवतंय, पंख थरथरवतंय...

ज्या हाताने भरवाल, त्याच हाताकडे. मीच श्रीपादला सांगितलं होतं.

मी पिल्लाकडे बघितलं नाही, श्रीपादकडे बघत होते. एक वाकडा शब्द निघाला असता तर मी चपला घालून निघाले असते, जन्मभर पोहे केले असते.

तो परसातून खोलीत गेला. आतली कडी काढल्याचा आवाज आला. दोन वर्षांनी माजघराकडचं दार उघडलं. बांगड्या आणून त्याने आत्यापुढे ठेवल्या.

"कडी लावून उकडत असेल आत्या. दार उघडं ठेवून घालत जा."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"ठमाबाई सांगतेच आहे लोकांना, मंदाकिनी आहे म्हणून." मग माझ्याकडे वळला. ओठ दातात. "भुताचं घर आहे... येशील?"

"मगाशीच सांगितलं, चालेल म्हणून."

लग्नाला आता वर्ष झालं. पिल्लू मोठं झालं, स्वतःचं स्वतः खातं. पण बारा वाजले की त्या दाराकडे बघून अजून लहान होतं. आतून किणकिण येते, आणि सगळं माहीत असून माझ्या हातावर काटा येतो.

ठमाबाई कुंपणावरून हळूच विचारते, "दिसते का गं ती?"

"रोज," मी सांगते. "बाराला."