शुक्रवारची नखं

दीक्षाने काचेचं दार ढकललं आणि तिला वाटलं, आपण चुकून दाताच्या दवाखान्यात शिरलो.

समोर तोंडाला मास्क लावलेला एक तरुण, शेजारी वाकवलेला दिवा, हातात घुर्रर्र करणारं बारीक मशीन आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेली एक बाई. शिरूरच्या एसटी स्टँडजवळच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर दाताचा डॉक्टरही होता आणि ब्युटी पार्लरही. दीक्षा ‘सॉरी’ म्हणून मागे फिरली, बाहेर येऊन पाटी वाचली. पाटी पार्लरचीच होती. मग ओशाळून पुन्हा आत आली.

“दात काढत न्हाई मी,” मास्कच्या आतून आवाज आला. “बसा निवांत.”

मास्क खाली सरकला आणि त्यामागून एक हसू बाहेर आलं... तेही असं, की दीक्षाला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली. त्याचं नाव आयुष. पार्लर त्याच्या थोरल्या बहिणीचं, नखांचा कोपरा तेवढा त्याचा.

दीक्षा आली होती ती आईच्या धाकाने. शिरूरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. रब्बीच्या आधी शेतकरी पिशव्या भरभरून माती आणून टाकत, आणि ती वाळवणं, कुटणं, चाळणं हे दीक्षाचं काम. केंदूरहून रोज स्कूटीवर यायची, संध्याकाळी दहा नखांत दहा गावांची माती घेऊन परत जायची. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण मामाने दौंडचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा रेल्वेत होता, महिन्याभरात बघायला येणार होता आणि आईला एकदम लेकीचे हात दिसायला लागले होते. गड्यामाणसाचे हात बरे, असं ती म्हणाली होती.

आयुषने एक पंख्यासारखा पसारा तिच्यासमोर उलगडला. प्रत्येक पात्याच्या टोकाला नमुन्याचं एकेक नख.

“हे साधं जेल पॉलिश. तुमच्याच नखावर. दोन-तीन आठवडे हलत न्हाई. हे प्रेस-ऑन. तयार नखं, चिकटवायची, कार्यक्रम झाला की काढून डबीत. हे जेल एक्स्टेन्शन, जेलनं नख लांबवायचं, हलकं असतं. आन् हे अ‍ॅक्रिलिक. पावडर आन् लिक्विड घेऊन नखावर घडवायचं. दणकट काम.”

“मला कुठलं बरं दिसंल?”

“दिसायला काय, समदी दिसतील. काम काय करता तुम्ही?”

“माती चाळते.”

त्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, दिव्याखाली धरला, एकेक नख उलटसुलट पाहिलं. कडा झिजलेल्या, अंगठ्याच्या नखाखाली केंदूरची नाहीतर मलठणची काळी रेघ. त्याने नाक मुरडलं नाही. मऊ ब्रश घेऊन ती रेघ सावकाश काढत म्हणाला, “मग प्रेस-ऑनच घ्या. कार्यक्रमापुरती लावा, दुसऱ्या दिवशी काढा. उगा इथं खेटे घालायला नकोत.”

सल्ला अगदी प्रामाणिक होता, आणि तोच दीक्षाला आवडला नाही.

“सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो?” तिने विचारलं.

“अ‍ॅक्रिलिकला. दोन तास तरी.”

“मग तेच करा.”

तिच्या कामाला ते बरोबर नाही, हे त्याने तिला परोपरीने समजावलं. ती मान हलवत राहिली आणि अ‍ॅक्रिलिकवरच बोट ठेवत राहिली. शेवटी आखूड ठेवायच्या अटीवर तो तयार झाला.

दोन तास! बांगड्या भरणारा कासार सोडला तर कुणा परक्याने तिचा हात कधी धरला नव्हता, आणि कासारही दोन मिनिटांत सोडतो. आयुष एकेक बोट उचलायचा, त्यावर कुंचल्याने ओल्या पावडरचा पांढरा मणी ठेवायचा, दाबून नखाचा आकार द्यायचा. बाहेर भादव्यातली भुरभुर चालली होती. दीक्षा खिडकीकडे बघत होती, पण तिचं सगळं लक्ष दहा बोटांत येऊन बसलं होतं.

निघताना तो म्हणाला, “दर शुक्रवारी दाखवून जात जा. कडा सुटली तर पाणी शिरतं आत. नुसतं बघायचं, त्याचे पैसे नसतात.”

मग शुक्रवार सुरू झाले. बघायला पाच मिनिटं लागत आणि दीक्षा तासाभराने उठे. त्या तासांत तिला कळलं की तो दौंड तालुक्यातल्या राहूचा, आधी रांजणगावच्या एका कंपनीत मोटारींच्या बंपरना रंग द्यायचा, मग पुण्याला जाऊन हे शिकला. वडील ज्ञानदेव यांना पोराचं हे काम गावात सांगायला पहिल्यांदा जड गेलं. आता कुणी विचारलं की ते म्हणतात, पोरगं कलरकामातच हाय, फक्त साइज बारीक झाली.

दुसऱ्या शुक्रवारी त्याने रुमालात बांधून आपल्या रानातली चिमूटभर माती आणली होती.

“बघा की कशी हाय.”

दीक्षाने ती बोटांत चुरली. “भारी हाय. पाणी धरून ठेवते.”

“राहूची माणसंपण...” तो तिच्या करंगळीकडे बघत म्हणाला, “धरलं की सोडत न्हाईत लवकर.”

त्या दिवशी दीक्षा स्कूटी स्टँडवरून न काढताच किल्ली फिरवत बसली होती.

पण सुखाला एक टोचणी होती. तिसऱ्या शुक्रवारी ती आत आली तेव्हा खुर्चीत एक नवरी मुलगी बसली होती आणि आयुष तिचाही हात तसाच दिव्याखाली धरून, तसाच हसत होता. दीक्षा दारातच थांबली. या माणसाचं कामच हात हातात घेण्याचं! दिवसाला पाच-सहा हात. मग आपल्या हातात असं काय वेगळं? त्याला विचारायचं तरी कसं? आणि न विचारता दौंडच्या मुलासमोर चहाचा ट्रे घेऊन जायचं तरी कसं? येत्या शुक्रवारी काहीतरी कळेल, असं तिने मनाशी धरलं.

मंगळवारी सकाळी आईचा निरोप आला. मुलाची सुट्टी बदलली, पाहुणे गुरुवारीच येणार. म्हणजे शुक्रवारच्या आधी.

दीक्षाने प्रयोगशाळेत इकडेतिकडे पाहिलं, मातीचा नमुना घ्यायची स्टीलची पट्टी उचलली आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटावरचं नख उचकटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण कारण मिळालं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती पार्लरला गेली. पिशवी पडली अन् नख तुटलं, असं वाटेत दोनदा म्हणून पाहिलं, तेच त्याला सांगितलं.

आयुषने बोट दिव्याखाली धरलं. उलटसुलट करून पाहिलं.

“पिशवी पडली तर नख आडवं मोडतं,” तो हळूच म्हणाला. “हे मुळापासनं उचकटलंय. तुमचं सोताचं नखबी सोललंय खाली. तुटलं न्हाई हे... तोडलंय.”

दीक्षाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात दारातून तेजश्री मॅडम डोकावल्या. शाळेत शिक्षिका होत्या, नखांच्या हौशी. आपल्या अ‍ॅक्रिलिकला दोन आठवडे झाले, येऊ का दाखवायला, असं त्यांनी विचारलं.

“न्हाई ओ मॅडम,” आयुष सवयीने बोलून गेला. “तीन आठवडे झाल्याबिगर कुणालाच बोलवत न्हाई मी. बघण्यासारखं काय नसतं मधी.”

मॅडम गेल्या. आयुषच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. दीक्षा त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि त्याचे कान लाल होत चालले होते.

“कुणालाच न्हाई?” तिने विचारलं.

“...न्हाई.”

“मग माझी कडा दर शुक्रवारी सुटत होती व्हय?”

त्याने ब्रश उचलला, पुन्हा ठेवला. “कडा कवाच सुटली नव्हती. तुम्ही यावं म्हणून बोलवत हुतो. पहिल्या दिवशी प्रेस-ऑन घ्या म्हणालो न्हवं का? तुम्ही गेल्यावर वाटलं, बरं झालं हिनं ऐकलं न्हाई.” मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “आवडता तुम्ही मला. तुम्ही का तोडलं नख?”

“गुरुवारी मला बघायला येणारेत. शुक्रवारपत्तुर थांबता येईना.”

दोघंही एकमेकांच्या लबाडीकडे बघत राहिले, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

“काढून टाका ही सगळी,” दीक्षा म्हणाली. “आता कशाला लागत्यात?”

त्याने नखं वरून घासली, नखं सोडवायच्या लिक्विडमध्ये भिजवलेला कापूस ठेवून एकेक बोट चांदीसारख्या कागदात गुंडाळलं आणि अर्धा तास हलायचं नाही, असं बजावलं. दहा बोटांना दहा टोप्या घालून दीक्षा बसली आणि तिचा फोन वाजला. आई होती. आयुषने फोन उचलून तिच्या कानाला धरला. आईचा आवाज मुळातच खणखणीत, त्यामुळे ऐकू दोघांनाही येत होतं.

पातळ कुठलं नेसायचं, पोहे करायचे की उप्पीट, हे सगळं झालं. मग दीक्षा म्हणाली, “आई, मामाला सांग, गुरुवारचं नको. माझं ठरलंय.”

“कुणासंगं?” आईने विचारलं.

“राहूचा हाय. ज्ञानदेव म्हणून वडील हायत त्याचे. इथं शिरूरला नखं करतो.”

“नखं?” आई म्हणाली. “तुझ्या त्या मातेऱ्या हातांना हात लावतो का त्यो?”

“महिनाभर तेच करतोय.”

आई हसली की काय, ते कळलं नाही. पण म्हणाली, “गुरुवारी पोहे तर करणारच हाय मी. त्यालाच घिऊन ये. आन् आत्ता फोन दे त्याच्याकडं.”

“फोन त्यानंच धरलाय, आई.”

“जय भीम, आई,” आयुष म्हणाला. केसाएवढी रेघ एका दमात ओढणाऱ्या त्याच्या हातातून फोन निसटायला आला. दीक्षाची दहाही बोटं गुंडाळलेली. तिने मान कलती केली आणि गाल नि खांद्याच्या मध्ये फोन धरला, त्याच्या हातासकट.