खिडकीतली बाई

जुना पूल पाहून झाला की पाहुणे बुरुज चढत, बुरुज उतरले की थेट बसमध्ये. मधल्या घराकडे कुत्रंही फिरकत नसे. म्हणून त्या घरच्या थोरल्या बाईंनी बारा वर्षांपूर्वी एक थाप ठोकून दिली.

वरच्या खोलीत, नदीकडच्या खिडकीच्या दगडी कठड्याला एक खळगा होता. त्यांच्या सासूनं जन्मभर तिथं सुऱ्या घासल्या, त्याचा. बाईंनी पाहुण्यांना सांगितलं, तीनशे वर्षांमागे एका नावाड्याची बायको इथं कोपर टेकून उभी असायची. नवरा धुक्यात नाव घेऊन गेला, तो आलाच नाही. वाट पाहून पाहून दगड झिजला, तीही झिजली.

पाहुण्यांनी डोळे पुसले. पुढच्या वर्षी गावच्या नकाशात खिडकी छापून आली. "शिकले असते तर राज्य चालवलं असतं," बाई म्हणायच्या, आणि नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गुडघे थकले तशी गोष्ट सुनेकडे आली. सून गरीब गाय. पण हळूहळू गोष्टीत भर पडू लागली. नावाड्याच्या बायकोला दमा होता. उजव्या कानानं ऐकू येत नसे.

"पदरचं तिखटमीठ कशाला लावतेस गं?"

"पदरचं नाही, आई. ती सांगते तेवढंच सांगते."

"ती कोण? अगं, तिला मी जन्माला घातलंय."

"हो ना," सून कठडा पुसत म्हणाली. "म्हणून तर तुमचा फार मान ठेवते."

एका सकाळी सून म्हणाली, "आज ह्यांना नदीवर जाऊ देऊ नका. ती म्हणते, तसलंच धुकं येतंय."

बाहेर लख्ख ऊन होतं. बाईंनी तिला उडवून लावलं. लेक आठ पाहुण्यांना नावेत घेऊन फिरवायला गेला.

दहाला धुकं उतरलं. पूल गेला, बुरुज गेला. बारा वाजले, एक वाजला. नावेचा भोंगा काही ऐकू येईना.

बाई जिना चढून वर आल्या. धुक्यानं अडकलेले पाहुणे भिंतीशी उभे होते. सून खिडकीत. कोपर खळग्यात. तिच्या छातीत शिट्टी वाजत होती.

सुनेला दमा नव्हता. कधीच नव्हता.

तिला ओढायला बाईंचा हात पुढे झाला नाही. त्या पाहुण्यांकडे वळल्या.

"हिनं शेवट चुकीचा सांगितलाय," आवाज नेहमीसारखाच करकरीत. "नावाडी परत आला. ओल्या पायांनी जिना चढला नि म्हणाला, पाणी दे. माझ्या घरची गोष्ट आहे, मलाच ठाऊक."

शिट्टी थांबली.

मग भोंगा वाजला.

लेक धापा टाकत वर आला. "इंजिन बंद पडलं. वल्ही मारत आलो. पाणी दे गं."

बाईंनी पदरानं त्याचं डोकं पुसलं. "इंजिन बघून घे म्हटलं होतं ना, मेल्या," त्या म्हणाल्या.

सुनेनं दोन पेले भरले. एक नवऱ्याला दिला, दुसरा कठड्यावर ठेवला.

"तो कुणाला?" लेकानं विचारलं.

"तेही आलेत ना," सून हसून म्हणाली. "तुमच्या मागोमाग चढले. केवढ्या लांबून आलेत."

जिन्यावर कुणी नव्हतं. पाहुणे नकाशांच्या घड्या घालत होते.

बाईंनी पेल्याकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता. मग त्यातलं पाणी, एकेक घोट, खाली उतरू लागलं.