सात नंबरची कार्बाइन

शस्त्रागाराचं कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत आणि सात नंबरची कार्बाइन गायब! दुपारी नेमकी तिचीच तपासणी व्हायची होती.

चौकशी तुकडीच्या अधिकारी मॅडमकडे आली. गेल्या आठवड्यात ही आखूड कार्बाइन एका शिपायाच्या हातून पडली, गोळी सुटली आणि सोबत्याचा गुडघा फुटला. "सेफ्टी लावली होती, बोट ट्रिगरवर नव्हतं," शिपाई काकुळतीला येऊन सांगत होता. मॅडमनी त्याला सगळ्या तुकडीसमोर खोटारडा ठरवून निलंबित केलं. आता बंदूक मिळाली नाही तर त्याची नोकरी गेलीच म्हणायची.

किल्ल्या दोघांकडेच. एक कारकुनाकडे, दुसरी उस्तादांकडे. उस्ताद म्हणजे तिथले बंदुका दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर. मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"फाटकावर झडती होते?"

"जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतात," कारकून म्हणाला.

"म्हणजे बंदूक आतच आहे."

"त्या शिपायानंच लांबवली असेल, पोरी," उस्ताद म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं!"

"तो आठवडाभर आत आलेलाच नाही, उस्ताद."

अडगळ, माळे, भंगाराची पेटी, सगळं उलथंपालथं केलं. पेटीच्या तळाशी तसल्याच जुन्या कार्बाइनचे सुटे तुकडे तेवढे निघाले. शेवटी मॅडम शिकवणीच्या खोलीत आल्या. तिथल्या काचेच्या कपाटात नळी बुजवलेली एक कार्बाइन नुसती दाखवायला ठेवलेली असे. फळीवर बोटभर धूळ होती. बंदूक मात्र चकचकीत होती. मॅडमनी हात लावला तर बोटांना ताजं तेल.

दस्त्याखाली आकडा होता, सात.

"दाखवायच्या बंदुकीला तेल कोण लावतं, उस्ताद?" मॅडमनी वळून विचारलं. "इथली जुनी मोडून तुम्ही भंगाराच्या पेटीत टाकलीत आणि तिच्या जागी ही ठेवलीत. कारकुनानं नुसती ठेवली असती. तुमच्या हाताला कोरडी बंदूक ठेवताच येत नाही."

उस्ताद खाली बसले.

मॅडमनी बंदूक खोलली. "लढाईच्या घाईत, स्वस्तात काढलेली जात ही. दस्त्यावर आपटली की आतला जड बोल्ट मागे जाऊन पुढे येतो आणि ट्रिगर न दाबता गोळी सुटते. तो अडवायला सेफ्टी. तुम्हीच शिकवलंत. ही बघा, सेफ्टीची खाच पार झिजलीय. तुम्ही मात्र नोंदवहीत 'बदलली' असा शेरा मारलाय."

"सुटा भाग आला नव्हता. पुढच्या महिन्यात बदलू म्हटलं, राहून गेलं. दोन महिन्यांनी निवृत्ती आहे गं, अब्रूला भ्यालो." मग ते हळूच म्हणाले, "त्या शेऱ्याखाली सही तूही केलीस की. बंदूक खोलून बघितली होतीस?"

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहवालात दोषी म्हणून त्यांनी उस्तादांच्या नावाआधी स्वतःचं नाव लिहिलं.

संध्याकाळी त्या शिपायाच्या घरी गेल्या. तो धडपडत उठून सलाम करू लागला. दारात त्याची आई उभी होती.

"दोष बंदुकीचा होता," मॅडम म्हणाल्या. "तू खरं बोलत होतास. चूक माझी."

त्यानं सलामाचा हात खाली घेतला.

"नक्की ना, मॅडम? तुम्ही इतकं ठासून म्हणालात, मलाही वाटायला लागलं की बोट ट्रिगरवर असेलच. परवा दवाखान्यात जाऊन जखमी सोबत्याचे पाय धरले आणि चूक माझीच म्हणून कबूल करून आलो."