दारातला डाग

अंधार पडायला रात्रच व्हावी लागते असं थोडंच आहे? ती ज्या खोलीत काम करायची तिथे भर दुपारीही अंधार असायचा. खिडक्यांना जाड काळं कापड, भिंती करड्या, आणि उजेड म्हणाल तर दोन टेबलांवरच्या दोन मोठ्या स्क्रीनचा तेवढा. जुने चित्रपट साफ करून घरी बघायच्या डिस्कवर आणणाऱ्या एका छोट्या कंपनीची ती खोली.

जुन्या फिल्मला जुन्या कपड्यासारखं काय काय लागलेलं असतं. ओरखडे, धूळ, बुरशी, कोणाच्या तरी बोटाचा ठसा. तिने फिल्मची एकेक चौकट समोर घ्यायची आणि डोळ्यात तेल घालून हे सगळं पुसायचं. पुसायचं म्हणजे शेजारच्या चौकटीतला स्वच्छ तुकडा उचलून डागावर बसवायचा, ठिगळ लावतात तसा. कॉलेजात ती साहित्य शिकली होती. घरी राहणारी आत्या म्हणायची, "एवढं शिकून शेवटी धुणंच धुतेस ना?"

शेजारच्या टेबलावर चित्रपटांचा आवाज साफ करणारा दादा बसायचा. पाठीमागून कोणी खोकलं तरी ती खुर्चीतून उडते हे पाहून त्याने तिचं नाव पाडलं होतं भागूबाई. 'भित्री' तेवढं त्याने मोठ्या मनाने सोडून दिलं होतं.

त्या वेळी त्यांच्याकडे एक गुप्तहेराचा चित्रपट आला होता. काळा-पांढरा. लांब कोट, तिरकी हॅट, ओले रस्ते, सिगारेटचा धूर, आणि वर म्हणे भूतही. भूत म्हटल्यावर तिने कंपनी चालवणाऱ्या मॅडमना सांगून टाकलं, मी आवाज बंद ठेवून काम करेन. मॅडमची हरकत नव्हती. त्यांना डाग गेल्याशी कारण. शिवाय त्यांच्याकडे काम असं चालायचं की प्रसंग गोष्टीच्या क्रमाने कोणाला मिळतच नसत. ओरखड्यांचे एकीकडे, बुरशीचे दुसरीकडे, डागाच्या जातीप्रमाणे. त्यामुळे महिनोन्‌महिने रोज त्याच चित्रपटात डोकं घालूनही आत काय घडतंय ते तिला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं.

एक डाग मात्र भलता चिवट निघाला. माणसाएवढा उंच, धुरकट, कडा नसलेला. नेहमी दारात. खोली हॉटेलातली असो, पोलीस ठाण्यातली असो, त्या गुप्तहेराच्या स्वतःच्या घरातली असो, मागे एक दार उघडं असायचं आणि दारात तो डाग. बुरशी असणार, ती मनाशी म्हणाली. ओल धरली की एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवते. पण शेजारच्या चौकटीतून तुकडा उचलावा, तर तिथेही डाग. त्याच्या शेजारीही. शेवटी तिने रिकामं दार हाताने रेखाटलं, चौकटीची रेघ न् रेघ, आणि त्याच्यावर बसवत गेली. पुसता पुसता एकदा तिला वाटलं, हा मघापेक्षा थोडा पुढे आलाय का? ती मान मोकळी करून पाणी प्यायला उठली. परत आली तर जागच्या जागीच होता. तिने तोही पुसला.

"दारं काय सुंदर स्वच्छ केलीयस," मॅडम म्हणाल्या. तिला बरं वाटलं. कोणी चांगलं म्हटलं की तिचा सबंध दिवस बरा जायचा.

डिस्कच्या प्रती छपाईला पाठवण्याआधी चाचणीची एक डिस्क निघते. ती तिने बाबांसाठी घरी नेली.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं, आणि बोलणं तर सगळंच गेलं. दिवसभर टीव्हीसमोरच्या खुर्चीत डोकं एका खांद्यावर टाकून बसायचे. एके काळी हेच बाबा थिएटरात आईला शेवट आधीच सांगून टाकायचे, आणि आई घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलायची नाही. आता आई नव्हती आणि बाबांजवळ शब्द नव्हते. एकच अक्षर तेवढं उरलं होतं. लहानपणापासून ते तिला 'चिमणे' म्हणत, त्यातलं 'चि'. संध्याकाळी ती दारात दिसली की डावा हात उचलून म्हणायचे, "चि... चि..." तेवढ्यासाठी ती धावत घरी यायची. झटक्यानंतरही हे आपले बाबाच आहेत, हे तिला त्या एका अक्षरावरून कळायचं.

डिस्क लावली तेव्हा बाबांचे डोळे लकाकले. हा चित्रपट त्यांनी पाहिला होता, त्यांना आठवत होता. ती निर्धास्त होऊन आत भांडी आवरायला गेली. भुताचा चित्रपट तिला कुठे बघायचा होता? थोड्या वेळाने आत्याचा आवाज आला.

"अगं, हा बघ कसा करतोय."

बाबा डावा हात उचलून दाखवत होते. टीव्हीकडे नाही, खोलीच्या दाराकडे. घशातून घरघर आवाज येत होता.

"वारा लागतोय वाटतं," आत्या म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

बाबांचा हात खाली आला नाही. तो दारावरून सरकत सरकत खोलीच्या आत आला, कपाटापाशी, मग टेबलापाशी, कोणी चालत यावं आणि आपण बोट दाखवत राहावं तसा. मग त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. खोलीत कसलातरी वास होता, भिजलेल्या लोकरीसारखा, जुन्या कोटाचा. आत्या म्हणाली, कपाटात ओल आली असेल. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तिच्या मनात ती रोजच चुकचुकायची. तिने डिस्क तशीच मशीनमध्ये राहू दिली आणि बाबांना झोपवलं.

त्यानंतर दोनचार दिवसांनी त्या चित्रपटाचे म्हातारे संकलक ऑफिसात आले. हा चित्रपट त्यांनी तरुणपणी कापला-जोडला होता. डिस्कवर चित्रपटाबरोबर एक मुलाखत घालायची होती, आणि त्या चित्रपटाच्या लोकांपैकी तेवढे एकच मागे राहिले होते. हातात काठी, कानात यंत्र. आल्या आल्या दादाला म्हणाले, "तू आवाज साफ करतोस? मग माझ्या कानाचं काही होतं का बघ."

मॅडमनी मुलाखतीआधी त्यांना थोडा चित्रपट दाखवायला सांगितलं. तिने हॉटेलच्या खोलीतला प्रसंग लावला. या वेळी आवाज चालू होता. गुप्तहेर पलंगाशी उभा राहून समोरच्या बाईला विचारत होता, 'दारात कोण उभं होतं?' आणि बाई रिकाम्या दाराकडे बघून थरथरत होती.

म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"पोरी... तो कुठे गेला?"

"कोण, आजोबा?"

"दारातला."

"तिथे... डाग होता. बुरशीचा. मी काढला."

"सगळीकडचा?"

"सगळीकडचा."

दादा हसायला लागला. "भागूबाई, अगं, भूतच पुसलंस की. चित्रपटातलं मुख्य पात्र गेलं ना." तिच्या कानापर्यंत रक्त चढलं. साध्या भीतीपोटी चित्रपट बघितला नाही, आणि ही चूक झाली. पण मॅडमनी तरी कुठे पाहिला होता, आणि दादाने तरी? त्या खोलीत चित्रपट कोणीच पाहिला नव्हता, सगळ्यांनी डागच पाहिले होते.

"मीही तिथली खुरखुर काढली," दादा हसू आवरत म्हणाला. "श्वासासारखी होती. मला वाटलं, फिल्मच खराब आहे."

म्हातारे हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते हळूच म्हणाले, "तो आम्ही घातलेला नव्हता. गोष्ट साध्या चोरीची होती. पहिल्या दिवसाची फिल्म धुऊन आली, तर हा दारात. मी तेवढे तुकडे कापून टाकले. तर..." ते थांबले. "माझा एक मदतनीस होता. चांगला बोलका. तुकडे कापल्यावर तो गप्प झाला. म्हणजे बोलायचा, पण तो बोलतोय असं वाटायचं नाही. त्याच्या आईने मला विचारलं होतं, हा कोण घरी पाठवलात?"

तिने चित्रपट मध्येच थांबवला होता. स्क्रीनवर गुप्तहेर तसाच थिजून उभा होता.

"मग?" तिने विचारलं.

"मग पुढच्या दिवसांच्या फिल्ममध्ये दारात पुन्हा डाग आला. पण तो... वेगळा होता. जरा बुटका, माझ्या मदतनिसाच्या उंचीचा. दिग्दर्शक शहाणा. म्हणाला, आता कापू नका, गोष्टच बदलू, याला गोष्टीत घेऊ. घेतला. मग तो राहिला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "दारातली जागा रिकामी राहत नाही, पोरी. ही डिस्क कोणाच्या घरी लावलीत का अजून?"

ती उठली. मूळ फिल्म संगणकात घेतलेली तशीच्या तशी जपून ठेवलेली असते, तिला कोणी हात लावत नाही. काही चुकलं तर तिच्यावरून परत घेता येतं. तिने ती उघडली. ओरखडे होते, धूळ होती, बोटाचा ठसाही होता. फक्त दारं रिकामी होती. तिने हाताने रेखाटलेली नव्हे, खरीखुरी दारं. आणि रिकामी.

तिने घरी फोन लावला.

"आत्या, बाबा काय करतायत?"

"अगं, मीच तुला फोन करणार होते." आत्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "टीव्ही लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले, तर मागून आवाज. 'पाणी दे.' स्पष्ट. मला वाटलं, कोण आलं? तर हा. उजव्या हाताने पेला धरला, बाई. डॉक्टर म्हणाले होते ना, कधीतरी एकदम फरक पडेल म्हणून. तू ये लवकर."

ती कशी घरी पोचली ते तिला नंतर आठवलं नाही. दारात चप्पल काढताना पाय अडखळला. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. मान सरळ. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. तिने वाट पाहिली. डावा हात उचलला जाईल, ते एक अक्षर येईल, आणि आपण रडून मोकळ्या होऊ.

"आलीस, मुली," बाबा म्हणाले. "बस ना."

"बघ," आत्या डोळे पुसत म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

"बाबा... मला हाक मारा ना. रोजच्यासारखी."

ते तिच्याकडे बघत राहिले. सभ्यपणे, थोडं चाचपडत, नव्या घरी आलेला पाहुणा वस्तू कुठे ठेवल्यात ते बघतो तसे. "काय म्हणू, मुली?" त्यांनी विचारलं.

टीव्हीवर चित्रपट चालू होता, आवाज बंद. गुप्तहेराची खोली, आणि मागे दार. तिने बघू नये म्हणून खूप प्रयत्न केला. दारात डाग होता. पण तो उभा नव्हता. खाली होता, बसल्यासारखा, खुर्चीच्या उंचीचा. वरचा गोल भाग एका बाजूला कललेला. आणि त्या धुरकट आकारातून एक हात वर उचललेला, एकच, दारात कोणी दिसलं की उचलतात तसा.

ती टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसली. बोट काचेला लावलं. काच गार होती.

हातातला फोन वाजला आणि ती जागच्या जागी उडाली. मॅडम होत्या.

"अगं, कुठे गेलीस मध्येच? त्या म्हातारबुवांच्या गोष्टी काय मनावर घेतेस. ऐक, मी सगळं पुन्हा तपासलं. दारात एक डाग राहिलाय, खुर्चीसारखा. मघाशी कसा दिसला नाही कोण जाणे. फाइल आज छपाईला जायचीय. येतेस ना?"

"मॅडम, तो नका काढू. हात जोडते. मी काम सोडते हवं तर, पण तेवढा डाग..."

"वेडी आहेस का? बरं, तू राहू दे. मीच बसते त्याला, असं किती काम आहे." मॅडम पलीकडे कोणाशी तरी बोलल्या आणि फोन दादाकडे गेला.

"भागूबाई, घाबरू नकोस, आराम कर," दादा म्हणाला. त्याचा आवाज मायेचा होता. "माझ्या बाजूचं झालंय. त्या दाराच्या प्रसंगात कोणीतरी मागून एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत होतं. चि... चि... असं. कुठून आलं देव जाणे. मी पुसून टाकलं."

मागे खुर्ची कुरकुरली. इतक्या महिन्यांत ती खुर्ची कधी कुरकुरली नव्हती, कारण तिच्यातून स्वतःहून कोणी उठलंच नव्हतं. जुन्या ओल्या कोटाचा वास तिच्या खांद्यापाशी आला. टीव्हीवरचा तो उचललेला हात बोटांकडून पुसट व्हायला लागला होता, आधी टोकं, मग पंजा, कोणीतरी घाई न करता, काळजीपूर्वक काम करत असल्यासारखा.

"दार लावून घेऊ का, मुली?" बाबांचा आवाज म्हणाला. "वारा लागतोय."