डाव्या खिशाचं अस्तर

लेकीला आपल्यापेक्षा आजोबाच जास्त हवे असतात, या काळजीने तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपण चित्रांची पुस्तकं आणायची, आवाज बदलून वाचायची, आणि पोरीने अर्ध्यातून उशी उचलून आजोबांच्या खोलीत जायचं. आज सासऱ्यांची शिवून ठेवलेली पँट द्यायचं निमित्त काढून ती दाराशी थांबली. चोरून ऐकणं वाईट, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती त्या एकाच पँटची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली.

सासरे नेहमीसारखा डावा हात खिशात घालून पलंगाच्या कडेला बसले होते. माझ्या एका मित्राची गोष्ट, म्हणाले, अगदी खरी.

मित्र आणि त्याचा थोरला भाऊ एकाच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. थोरला व्हॉल्व्हवाला. काचेचे दिवे आधी तापायचे, मग गायचे. धाकटा ट्रान्झिस्टरवाला. बटण दाबलं की आवाज. गिऱ्हाईक धाकट्याकडे वळलं. थोरला एवढंच म्हणायचा, "मिरीच्या दाण्याएवढं ते, गाणार काय?" पण एक गोष्ट त्याने दहादा बजावली होती. व्हॉल्व्हचं यंत्र उघडलं की डावा हात खिशात. प्लग काढला तरी आत साडेचारशे व्होल्ट दबा धरून असतात; दोन्ही हात लावले तर झटका छातीतून जातो. धाकटा हसायचा. त्याचा सगळा कारभार बारा व्होल्टचा.

थोरला वारला. वर्षभराने, एका बुधवारी संध्याकाळी, दुकानात एक गायक अॅम्प्लिफायर घ्यायला आला. धाकट्याने आपला नवा अॅम्प्लिफायर ऐकवला. गायकाने मान डोलावली आणि फळीवरच्या, थोरल्याने बनवलेल्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरकडे बोट केलं. तेही लावावं लागलं. तापलं, गायलं. गायकाचे डोळे भरून आले. उद्या सकाळी हेच नेतो, म्हणाला.

मेला तरी माझ्या पुढेच, असं धाकट्याच्या मनात आलं.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी, कुलूप बघून येतो असं बायकोला सांगून तो दुकानात आला. दिवा लावला नाही. एकच तार कापायची होती. सकाळी म्हणायचं, जुनं यंत्र, गेलं.

त्याने यंत्र कुशीवर ठेवलं. खालचा पत्रा काढला. उजव्या हातात कटर. टॉर्चसाठी डावा हात खिशात घातला. टॉर्च सापडली.

हात बाहेर येईना.

आत... कोणीतरी मनगट धरलं होतं. गरम बोटं.

प्लग टेबलावर पडलेला. तरी एक व्हॉल्व्ह तांबूस झाला. मग दुसरा...

त्याने हिसका दिला. उजवा हात घसरला. कटर आत टेकला.

ठिणगी.

मग काळोख.

"डावा हात यंत्राच्या लोखंडी पेटीवर असता," सासरे म्हणाले, "तर मी... तर मित्र उरला नसता."

सकाळी गायकाने यंत्र नेलं, धडधाकट. पण मित्राच्या डाव्या खिशाच्या अस्तरावर, आतून, चार बोटं भाजून उमटली होती. त्याने पँट बदलली. आठ दिवसांनी त्या पँटलाही...

दाराशी तिची घडी थांबली. डाव्या खिशाचं अस्तर. या वर्षात तिसऱ्यांदा शिवलेलं. जळकी भोकं विडीची असतील असं ती धरून चालली होती. पण सासरे विडी ओढत नव्हते, हे तिला आत्ता आठवलं.

तिला लेकीला हाक मारायची होती. तिने उंबरठ्यावर पाऊल ठेवलं.

लेक उठून बसली. आजोबांच्या खिशाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आता सोडा ना आजोबांना. ते नाही तार कापणार परत."