मागच्या फळीवरचा पाहुणा

"थोडे सरका. माझी खूण झाकताय."

मी त्याच्याशी बोलले ते पहिल्यांदा एवढंच. होडीच्या मागच्या फळीवर तो बरोबर मधोमध बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तसा.

"कसली खूण?"

"वल्ही मारताना पाठ वाटेकडे असते. पुढचं दिसत नाही. म्हणून मागे बघायचं... गिरणीचं धुराडं आणि त्यामागचं उंच झाड. दोन्ही एका रेषेत राहिली की होडी सरळ धबधब्याला लागते."

"आणि पाहुणा चांगला जाडजूड असला तर?"

"तर त्याला तळाशी झोपवते."

तो हसला आणि कडेला सरकला.

तो शहरातला शिंपी होता. टाके घालून घालून डोळे थकले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस लांबचं बघा. म्हणून तो आमच्या तळ्यावर आला. वस्ती ती केवढी — एक धक्का, एक गिरणी, मावशीची खानावळ आणि खानावळीवर भाड्याच्या खोल्या. आजारपणात बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून होडी मी चालवत होते.

पाहुणे धबधबा एकदा बघतात. हा रोज यायला लागला. कधी पक्ष्यांच्या बेटावर, कधी काळ्या कड्याखाली, पण परतताना धबधबा हवाच.

"काय असतं हो तिथे रोज?" मावशीने त्याला पानावर वाढताना विचारलं.

"पाणी," तो म्हणाला.

"इथे काय मग, ताक आहे?"

त्याचे कान लाल झाले.

एकदा वल्ही मारता मारता माझ्या लक्षात आलं, तो माझ्या बाहीकडे बघतोय.

"काखेत उसवते ना सारखी? वल्ही मारणारीला बाही वेगळी बेतायला हवी."

"तुम्हाला लांबचं बघायला सांगितलंय."

"बघतोय की... मधूनमधून."

मी मान वळवली. पाणी शांत होतं, माझेच हात जड झाले होते.

त्याच्या शेवटच्या दिवशी तो पुन्हा फळीच्या मधोमध बसला. त्याच्यामागे धुराडं झाकलं, झाड झाकलं, आणि मी त्याच्याकडे बघत वल्ही मारत राहिले. होडी लव्हाळ्यात घुसली तेव्हा दोघेही भानावर आलो. चहूकडे उंच हिरवी पाती, आणि वल्ह्यांना रेटायलाही जागा नाही.

"सरका म्हणाला नाहीत," तो हळूच म्हणाला.

"नाही म्हणाले."

त्याने एक पातं बोटांनी बाजूला केलं. मग म्हणाला, "माझ्याबरोबर येता? आई अंथरुणाला आहे. सध्या शेजारीण बघतेय, पण मला तिथून कायमचं हलता येत नाही, नाहीतर असं विचारलंच नसतं."

"सकाळी सांगते," मी म्हटलं.

बाबा धक्क्यावर उभे होते. आयुष्यभर होडी चालवलेला माणूस. आमची वाकडी वाट त्यांनी काठावरूनच पाहिली होती.

"लव्हाळ्यात काय होतं?"

"बाबा, तो मला चल म्हणतोय."

ते पायरीवर बसले. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"माझ्यासाठी थांबू नकोस. मावशी दोन वेळा वाढेल मला, शिव्या देत वाढेल, पण वाढेल. तुला पाण्यासाठी थांबायचं असेल तर थांब. पण मग माझं नाव पुढे करू नकोस. त्याला खरं सांग."

सकाळी बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. दमट गारवा होता. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वरचं बटण चुकीच्या काजात लावलं होतं. शिंपी असून. मला हसू यायला हवं होतं.

"बाबांमुळे नाही म्हणते असं सांगायचं ठरवलं होतं," मी म्हटलं, "पण ते खोटं होईल. त्यांनी मला मोकळं केलंय. मलाच हे पाणी सुटत नाही. तिथे आले तर चार दिवस हसेन, मग तुमच्या शहरातल्या जिन्यात बसून वाळून जाईन. तुम्ही मला आवडता... फार आवडता. तरीही."

त्याने मान हलवली. वळणावर बस दिसली तेव्हा तो म्हणाला, "परत येईन असं म्हणत नाही मी. म्हटलं तर तुम्ही वाट बघत बसाल."

मी त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"बघेनच," मी म्हटलं. "ते तुम्हाला विचारून थोडंच करणार आहे."